नुसता फिरवत राहिलो तर?

भाच्याने मे महिन्यात विचारलं, "मामा, डोळे मिटून रुबिकचा क्यूब नुसता फिरवत राहिलो, तर कधीतरी जुळेलच ना?" मी "हो" म्हणालो आणि मग हिशेबाला बसलो.

क्यूबचे आठ कोपरे ४०,३२० प्रकारे मांडता येतात. प्रत्येक कोपरा तीन दिशांनी बसू शकतो. पण सातांची दिशा ठरली की आठव्याला निवड उरत नाही. कडांचे तुकडे बारा; त्यांतही शेवटच्याची दिशा आधीचे अकरा ठरवतात. शिवाय कोपऱ्यांचा क्रम आणि कडांचा क्रम एकमेकांशी बांधलेले असल्याने निम्म्या मांडण्या बाद होतात. एवढं वगळूनही गुणाकार येतो ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. त्यांतली जुळलेली अवस्था एकच.

सेकंदाला एक वळण धरलं, तर ती हाती यायला सरासरी सुमारे १ लाख ३७ हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं; म्हणजे त्याच्या जवळपास शंभरपट. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांच्या हाती एकेक क्यूब देऊन सगळ्यांना अखंड बसवलं, तरी पहिला कोणीतरी जिंकेपर्यंत सरासरी १७० वर्षं जातील.

हा हिशेब माझ्या आधी फ्रेड हॉइल यांनी मांडला होता. डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले हे गुरू. १९८३च्या 'द इंटेलिजंट युनिव्हर्स' या पुस्तकात त्यांनी डोळे बांधलेला माणूस आणि क्यूब घेतला, आणि सजीवांतलं एखादं प्रथिन निव्वळ योगायोगाने जुळून येणं तितकंच अशक्यप्राय आहे, असा युक्तिवाद केला. त्यामागे बुद्धी असली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. विशीत मला तो बिनतोड वाटला होता.

आता वाटत नाही. डोळे बांधलेलेच राहू द्या. फक्त प्रत्येक वळणानंतर कोणीतरी कानात 'जवळ आलास' किंवा 'नाही' एवढंच सांगू दे. कोणताही क्यूब जास्तीत जास्त वीस चालींत सुटतो, हे २०१०मध्ये संगणकाने सिद्ध झालं आहे. बाजू सहा, एकेक बाजू चार पाववळणांत मूळ जागी परतते. म्हणजे योग्य चाल सापडायला फार तर चोवीस सेकंद, आणि वीस चालींना ४८० सेकंद. आठ मिनिटं! क्यूबला हे कानात सांगणारा जाणकारच लागतो, हे खरं. सजीवांत मात्र ते काम जगणं-मरणंच करतं : उपयोगी बदल टिकतो, पुढच्या पिढीत जातो आणि तिथून पुढचा बदल घडतो. हॉइल यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की, स्वतःची नक्कल करणारं काहीतरी आधी असल्याशिवाय ही निवड सुरूच होत नाही. ते पहिलं काहीतरी कसं घडलं, हा प्रश्न आजही उघडाच आहे; पण उत्क्रांतीला आंधळ्याचा खेळ म्हणणं चूक.

गणपतीत भाचा पुन्हा भेटला. त्याने कबूल केलं, की कंटाळून त्याने क्यूब स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला होता आणि तुकडे जमतील तसे परत बसवले होते. म्हणजे माझं "हो" फसलं. असा कसाही जोडलेला क्यूब बारातून एकदाच सुटण्याजोगा निघतो. उरलेल्या अकरा वेळा विश्व संपेपर्यंत फिरवला तरी जुळणार नाही. दिवाळीत तो क्यूब घेऊन येणार आहे. आधी रीतसर सोडवून बघू. शेवटी एकच कोपरा वळलेला राहिला, तर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर.