भाडं सुटतं, खर्च सुटत नाही

हैदराबादच्या काचीगुड्यातलं हळदीकुंकू असो की सुलतान बाजारात अवचित झालेली भेट, घरून काही विकायचा विचार करणाऱ्या कुणाकडून तरी एक वाक्य मला हमखास ऐकू येतं: "ऑनलाइनच तर करायचंय, त्याला कुठे खर्च असतो? दुकानाचं भाडंच नाही!" या भरवशावर घरातली शिल्लक मालात अडकते. म्हणून आता हे ऐकून गप्प बसवत नाही.

गैरसमज: दुकान नाही, म्हणजे खर्च नाही

दुकानाचं भाडं ठरलेलं असतं. दहा गिऱ्हाइकं आली काय किंवा शंभर आली काय, महिन्याची रक्कम तीच. ऑनलाइन धंद्यात ही रक्कम प्रत्येक पार्सलामागे थोडीथोडी द्यावी लागते. एकरकमी जात नाही म्हणून ती डोळ्यांत भरत नाही, एवढंच.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. पत्थरगट्टीच्या घाऊक बाजारातून एक कुर्ती 330 रुपयांना आणली आणि 600 ला विकली. कर तूर्तास बाजूला ठेवू. "270 सुटले" असं लगेच म्हटलं जातं. पण विक्री करून देणाऱ्या प्लॅटफॉर्मचं कमिशन 15 टक्के धरलं तर 90 गेले, कुरिअरचे 70, पिशवी-चिकटपट्टीचे 12 आणि ती विक्री मिळवायला केलेल्या जाहिरातीचे 40. हातात उरले 58.

आता दहा पार्सलं पाठवली आणि दोन परत आली असं धरा. माप बसलं नाही, रंग वेगळा वाटला किंवा 'घरपोच पैसे' सांगून दारात कुणी घेतलंच नाही, अशी कारणं असतात. परत आलेल्या पार्सलावर कमिशन सुटलं तरी जायचे 70, यायचे 70, पॅकिंगचे 12 आणि जाहिरातीचे 40 असे 192 रुपये बुडतात. आठ विक्रींचे 464 मिळाले, दोन परतींत 384 गेले. दहा पार्सलांमागे उरले 80 रुपये. त्यात परत आलेली एक कुर्ती डागाळलेली निघाली तर तिचे 330 ही गेले आणि धंदा 250 रुपयांनी तोट्यात. रात्री बसून घड्या घातल्या, पत्ते चिकटवले, त्या मेहनतीचा रुपयाही यात धरलेला नाही.

प्लॅटफॉर्म सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर विकलं तर कमिशन वाचतं, पण गिऱ्हाईक शोधणं, कुरिअर ठरवणं, परतीचा माल सोडवणं हे सगळं आपल्यावर येतं. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी आणि उंचीही मोजतात. हलकी वस्तू मोठ्या खोक्यात घातली की आकाराचे पैसे पडतात.

गैरसमज: 40 लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही

हा सल्ला बहुधा पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून येतो. महाराष्ट्रात निव्वळ माल विकणाऱ्यांसाठी तो बरोबर आहे. पण 7 मार्च 2019 च्या ज्या केंद्रीय अधिसूचनेने (क्रमांक 10/2019) ही मर्यादा 40 लाखांवर नेली, तिच्यातच तेलंगणाला वगळलं आहे. हैदराबादच्या विक्रेत्याला मर्यादा 20 लाखांचीच.

त्याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. इथल्या मराठी माणसाचं गिऱ्हाईक साहजिकच नांदेड, लातूर, पुण्यात असतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 24 प्रमाणे करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला, हस्तकलेसारखे मोजके अपवाद सोडले, तर उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी करावी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या विक्रेत्यांना नोंदणीतून सूट मिळाली, पण तीही आपल्याच राज्यात विकणाऱ्यांना. नांदेड हैदराबादला कितीही जवळचं वाटलं तरी कायद्याच्या लेखी ते परराज्य आहे.

आणखी काही, थोडक्यात

*प्लॅटफॉर्म कर कापतो, म्हणजे आपला जीएसटी भरला गेला.* नाही. 10 जुलै 2024 पासून ही कपात अर्धा टक्का आहे. ती आपल्या खात्यात जमा दिसते आणि कर भरताना वापरता येते. विवरणपत्र आपणच भरायचं.

*ऑनलाइन पैसे घेणं फुकट असतं.* यूपीआयवर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला बँकेचं शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर मात्र साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो.

*उद्यम नोंदणीला दीड-दोन हजार लागतात.* सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही.

*घरच्या चटण्या-मसाल्यांना परवाना कशाला?* 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरून विकणाऱ्या छोट्या उत्पादकालाही नोंदणी करावीच लागते.

*वेबसाइटचा खर्च एकदाच असतो.* नाव आणि जागा दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी बहुधा नसते. त्या रकमेला बाराने भागून महिन्याच्या खर्चात धरा.

धंदा करू नका, असं मी कुणालाच सांगत नाही. माल आणण्याआधी वहीत वरच्यासारखा हिशेब मांडा, एवढाच आग्रह आहे. पैसे कुठे वाचतात तेही त्यातच दिसतं. त्याच कुर्तीचा मापाचा तक्ता सेंटिमीटरमध्ये दिला, फोटो दिवसाउजेडी काढला आणि 'घरपोच पैसे' सांगणाऱ्याला माल पाठवण्याआधी एक फोन केला, आणि त्यामुळे दोनऐवजी एकच पार्सल परत आलं, तर दहा पार्सलांमागे 80 च्या जागी 330 रुपये उरतात.