हिशेबानं दोन, डब्यात सहा

फाटकावरच्या हिंदी पाटीवर आडनाव 'ले'नं संपतं. आत बैठकीत पणजोबांच्या फोटोखाली तेच आडनाव 'ळे'नं संपतं. दोन्हींच्या मध्ये जेमतेम वीस पावलांचं अंगण आहे.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या या घरी मी गेलो तो पत्त्यांसाठी. नागपूरला एका लग्नात जबलपूरकडच्या पाहुण्यांची पोरं जानोशाच्या खोलीत पत्ते कुटत बसली होती. मी पिशवी शोधायला आत गेलो तेवढ्यात एक मुलगी कडाडली, "ल म्हणालास! पान उचल!" झब्बू, बदाम सात, गुलामचोर, तीनशेचार असं सगळं खेळून मी मोठा झालो, पण असला दंड ऐकला नव्हता. वाकून पाहिलं तर पत्त्यांवर राजा-राणी नव्हतेच, अक्षरं होती. हातानं लिहिलेली.

"माईनं केलेत," मुलगी म्हणाली. म्हणून माईंकडे.

माई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला आणि आधी बाहेर आला तो कॅरमच्या पावडरीचा वास. घरगुती पुठ्ठ्याचे पत्ते एकमेकांना चिकटतात, सरकत नाहीत, म्हणून डब्यात चिमूटभर पावडर. पुढचे दोन दिवस माझ्या बोटांना तो वास होता. पानं एकूण बहात्तर. ती लग्नपत्रिकांची आहेत. मागची कोरी बाजू अक्षराला घेतली, पण मग दुसऱ्या बाजूचे गणपती आणि सोनेरी वेलबुट्ट्या खेळणाऱ्याला दिसायला लागल्या आणि कुणाच्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळायला लागलं. मग पाठीला खाकी कागद डकवला. एका ळच्या पानाचा कोपरा सुटलाय, आतली सोनेरी पट्टी डोकावते. ते पान कुणाकडे आहे, हे घरात सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही.

मूळ खेळ इंग्रजी, नाव लेक्सिकन. रहस्यकथा लिहिणाऱ्या डेव्हिड व्हाइटलॉ नावाच्या इंग्रज लेखकाच्या डोक्यातून निघालेला. लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीनं तो 1930च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणला. हीच कंपनी पुढे 1935 साली इंग्लंडात मोनोपॉली घेऊन आली. माईंच्या यजमानांनी लेक्सिकनचा एक वापरलेला जोड सदर बाजारातून जुन्या सामानात उचलला होता. छावणीचं शहर, साहेब लोक बदलून जाताना काय काय टाकून जायचे. (स्नूकरचा जन्मही इथलाच, 1875 साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. जबलपूरचा माणूस तुम्हाला हे पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. मलाही सांगितलं.)

नियम सुटसुटीत आहेत. प्रत्येकाला दहा पानं. पाळी आली की शब्द मांडा, नाहीतर टेबलावरच्या शब्दाला आपली अक्षरं जोडा, नाहीतर त्यातलं अक्षर काढून आपलं ठेवा, शब्द मात्र शब्दच राहिला पाहिजे. काहीच जमलं नाही तर एक टाका, एक उचला. एकाची पानं संपली की बाकीच्यांच्या हातात उरलेल्या अक्षरांचे गुण त्यांच्या नावावर चढतात. शंभर झाले की बाद. म्हणजे इथे गुण मिळवायचे नसतात, टाळायचे असतात.

हे मराठीत आणायचं तर पहिली अडचण बाराखडी. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, चारशे आठ पानं, जोडाक्षरं वेगळीच. माईंनी एका फटक्यात ते सोडवलं: पानावर नुसतं व्यंजन, काना-मात्रा ज्याची त्यानं तोंडानं लावायची. जोडाक्षराला अर्ध्या अक्षराचं पान पुढच्या पानाखाली निम्मं सरकवायचं. स्वरांना एकच अ, त्यालाच सगळ्या मात्रा, सावरकरांच्या लिपीसुधारणेतल्यासारख्या. याचा परिणाम काय होतो पाहा. क आणि ळ ही दोनच पानं शेजारी ठेवली आणि मी तिथल्या तिथे दहा मोजले: कळ, काळ, कूळ, केळ, कोळ, कळा, काळा, कळी, केळी, कोळी. पान न हलवता शब्द हलतो. इंग्रजी पत्त्यांना ही चैन नाही.

पण तोटाही आहे. बशीत खोव्याची काळपट जिलबी होती, जबलपूरची खासियत. ज, ल, ब. पत्त्यांच्या लेखी 'जिलबी' आणि 'जलेबी' एकच. म्हणून माईंचा वरचा नियम: पान टाकण्याआधी शब्द मोठ्यानं म्हणायचा. जलेबी म्हणालात तर पानं परत हातात.

कुठलं अक्षर किती वेळा घ्यायचं, यासाठी माईंनी मराठी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि पेन्सिलीनं अक्षरं मोजली. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड बट्सनंही हेच केलं होतं. मंदीत काम गेलेला हा वास्तुविशारद वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजत बसला, त्यातून जो खेळ निघाला त्याचं एक आरंभीचं नाव लेक्सिको, आणि 1948 साली तो स्क्रॅबल म्हणून दुकानात आला. माईंना बट्स माहीत नव्हता. मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यानं प्रामाणिकपणे मोजलं असेल."

"तुम्ही नाही?"

"मोजलं की. हिशेबानं ळ दोन बसतात. मी सहा ठेवले."

बहात्तरात सहा. ळनं मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणजे हातात ळ आला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी मागेच लावावा लागतो. वर गुण दहा. तो हातात धरून बसलेला माणूस हरतो. घरातली सगळी मुलं-नातवंडं हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकली, आणि हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. गल्लीत, दुकानात, वर्गात सगळीकडे ल. माईंनी भाषण दिलं नाही, क्लास काढला नाही, पत्ते बनवताना लबाडी केली. मराठी वाचवायच्या सभांना मी पुष्कळ बसलोय, हार-तुरे पाहिलेत. त्या सगळ्यापेक्षा मला ही लबाडी आवडली.

संध्याकाळी डाव मांडला. माई, सून, आठवीतला नातू आणि मी. टेबलावर 'वेल' पडली होती. नातवानं बराच वेळ ओठ चावले, मग ल उचलून तिथे ळ ठेवला आणि विजयानं म्हणाला, "वेल!"

"ती तर आधीच होती," माई म्हणाल्या. "मग बदललंस काय?"

"माई, लिखा तो ळ है!"

"लिहिलंय. म्हणालास कुठे?"

त्यानं जीभ मागे वळवली. वेल्ल. वेड. वेर्ल. मग डोळे मिटून, मान ताणून, एकदाचं 'वेळ'. माईंनी मान हलवली आणि काही झालंच नाही अशा थाटात आपलं पान टाकलं. मी मात्र त्या पोराच्या गळ्याकडे पाहत राहिलो होतो. लिहिलेलं आणि बोललेलं यांच्यातलं अंतर एवढं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे त्यानंच 'माल'ची 'माळ' केली, 'चाल'ची 'चाळ' केली, आणि दोन्ही वेळा आधी पुटपुटून पाहिलं.

सूनबाईंचं मत निराळं, आणि ते त्यांनी सासूबाईंसमोरच सांगितलं: "इथे नळाला नल म्हटलं तरी पाणी येतंच." त्यांचं म्हणणं, पोरगा मराठी बोलतो हेच पुष्कळ, उच्चारावरून रडवलं तर तेही सोडेल. मला ते खोडता आलं नाही. माईंनीही खोडलं नाही, एवढंच म्हणाल्या, "रडला कुठे?"

पुढच्याच फेरीत मी पकडला गेलो. ज, व, ळ मांडले आणि घाईत तोंडातून गेलं 'जवय'. माझी आजी वऱ्हाडातली. तिच्या तोंडी डोळा म्हणजे डोया आणि केळं म्हणजे केयं. शाळेनं घासून काढलेला तो य नेमका इथे, परक्या घरी बाहेर आला. नातू टेबलावर चढायचाच बाकी होता. "पान उचला, काका!"

"राहू दे," माई म्हणाल्या. "य चालतो."

"और ल क्यों नहीं?"

"य घरातला आहे."

हा उघड पक्षपात होता, आणि पोरानं तसं शुद्ध हिंदीत ऐकवलंही. वाद वाढला तेव्हा आतून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा एक खंड आला. त्या कोशाचा पहिला खंड 1932चा, लेक्सिकनच्याच पिढीचा. पण उच्चाराचा तंटा कोश काय सोडवणार. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, असं माईंनी जाता जाता ऐकवलं आणि त्याच दमात हातातली पानं संपवली. नातवाकडे एक ळ उरला होता. सोनेरी कोपऱ्याचा. तो त्याच्याकडे पहिल्यापासून होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दहा गुण त्याच्या नावावर लिहून माईंनी पानं मोजून डब्यात भरली. बाकीच्या अक्षरांची नुसती चवड धरली, ळ मात्र एकेक करून सहा मोजले.

घरी करायचे असतील तर बहात्तर पानं पुरतात. ङ आणि ञ घेऊ नका. ठ, ढ, झ एकेकच ठेवा, र आणि अ भरपूर. पाठीला सगळीकडे एकाच रंगाचा कागद लावा, तोही खेळायला बसण्याआधी. कॅरमची पावडर चिमूटभरच. ळ किती ठेवायचे ते तुमच्या घरी काय बोलतात त्यावर ठरवा.