स्वतःचं कुलूप स्वतः बनवू नका

जुन्नर, मंचर, घोडेगावची आपली काही मुलं-मुली आता कोडिंग शिकतायत. जमातीच्या हिशेबासाठी, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी छोटं अ‍ॅप करून बघतात. कौतुकच आहे. पण त्यात लोकांचे आधार नंबर असतात, जकातीतून मदत घेणाऱ्या घरांची नावं असतात. ती यादी फुटली तर मान खाली जाते ती त्या घरांची.

म्हणून आम्ही सांगतो, अक्षरं उलटसुलट करून स्वतःचं एन्क्रिप्शन रचू नका. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून असं कोडं सुटतं, हे अल-किंदी यांनी नवव्या शतकातच लिहून ठेवलंय.

‘आमची पद्धत गुप्त आहे’ म्हणणारं टूलही नको. गुप्त फक्त किल्ली असावी. एईएस २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाण ठरलं, तेही जगभरच्या तज्ज्ञांनी उघडपणे तपासल्यावर. नवशिक्यांनी लिबसोडियमसारखी खुली लायब्ररी घ्यावी. पासवर्ड मात्र आर्गॉन२ किंवा बीक्रिप्टने हॅश करा. बेस६४ हे एन्क्रिप्शनच नाही, इथे बरेच जण फसतात.

किल्ली चुकून कोडसोबत गिटहबवर गेली असेल, तर नुसती पुसून भागत नाही. जुन्या नोंदीत ती राहते. लगेच बदला.