हूकवर भार किती?

शहादे-तळोद्याकडे बैलगाडी भरणारा गाडीवान मधूनमधून धुरा उचलून पाहतो. मागे ओझे जास्त झाले, की गाडी ‘उलाळ’ होते. धुरा वर उठतो आणि बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळले जातात. सगळे ओझे पुढे आले, तर मानेवर जू रुतते. म्हणून ओझ्याचा गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे ठेवतात. तो १० सेंटिमीटर पुढे, जू आसापासून ३ मीटरवर आणि गाडीसह ओझे १००० किलो असेल, तर मानेवर सुमारे ३३ किलो भार येईल. गुरुत्वमध्य तेवढाच मागे गेला, तर धुरा तेवढ्याच जोराने वर उचलला जाईल.

आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि गाडीच्या जागी दोनचाकी ट्रॉली आणू या. भरलेली ट्रॉली ३००० किलोची, हूक तिच्या आसापुढे ४ मीटरवर आणि गुरुत्वमध्य आसापुढे ५० सेंटिमीटरवर आहे असे धरू. हूकवर ३००० × ०.५ ÷ ४ = ३७५ किलो भार येईल. पण गोष्ट इथे संपत नाही. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे असतो. मागचा आस हा टेकू आणि ट्रॅक्टर ही तरफ. पुढचा व मागचा आस यांत २ मीटर अंतर असेल, तर पुढची चाके ३७५ × ०.८ ÷ २ = १५० किलोने हलकी होतील आणि मागच्या चाकांवर ५२५ किलो जास्त येतील. वळवण्याचे काम तर पुढच्या चाकांचे! तोरणमाळ किंवा चांदसैलीसारख्या घाटाच्या चढावर ती आणखी हलकी होतात. हूकऐवजी साखळी मागच्या आसाच्या वर बांधून ओढले, तर ट्रॅक्टर मागे उलटून चालकाचा जीव जाऊ शकतो.

मग हूकवर भारच नको, असे म्हणावे का? नाही. मागे जड असलेली ट्रॉली वेगात शेपटासारखी डावी-उजवीकडे झोके घेते. अमेरिकेत मोटारीमागे फिरते घर जोडतात, तेव्हा त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हूकवर ठेवतात.

तिथे भार वाटून देणारा खास हूकही वापरतात. त्यातून निघालेल्या दोन पोलादी स्प्रिंगपट्ट्या साखळ्यांनी घराच्या सांगाड्याकडे वर ताणतात. हातगाडीच्या मुठी उचलल्या की भार पुढच्या चाकावर जातो, तसेच इथे होते. मोटारीच्या मागच्या चाकांवरचा काही भार तिच्या पुढच्या चाकांवर आणि काही घराच्या चाकांवर जातो. एकूण वजन मात्र ग्रॅमभरही कमी होत नाही.

म्हणून असा हूक निवडताना घर सामानासह भरून हूकवरचा भार आधी मोजावा लागतो. पट्ट्या त्या मानाने नरम असल्या, तर पुढची चाके हलकीच राहतात. फार ताठ असल्या, तर सांगाड्याला हिसके बसतात आणि मागच्या चाकांची पकड कमी होते. शिवाय मागे जड भरलेल्या घराचे झोके या पट्ट्यांनी दुरुस्त होत नाहीत. आधी ओझे नीट भरायचे, मग हूक निवडायचा.

वर्गात हे करून पाहा. एका पट्टीखाली टोपणांची दोन चाके लावा, तिचे पुढचे टोक तानकाट्याला आडवे टांगा आणि नाण्यांची चळत आसाच्या पुढे-मागे सरकवा. प्रत्येक वेळी काटा किती दाखवतो ते लिहा. कोणत्या जागी टोक आपोआप वर उठते? मुलांनी ती जागा आधी गणिताने काढावी आणि मगच चळत तिथे ठेवावी.