अमेरिकी पासपोर्ट, डोंबिवलीचा पत्ता

ज्या सोसायटीतल्या एकाही घरातला मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला नाहीतर लंडनच्या आसपास स्थायिक झालेली नाही, अशी सोसायटी ठाणे-डोंबिवलीत शोधावीच लागेल. नव्वदीच्या दशकात सॉफ्टवेअरच्या लाटेबरोबर गेलेली ती पिढी आता साठीला टेकली आहे. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले, आणि बोलणी सुरू झाली आहेत ती परतण्याची. घोडबंदर रोडवरचा टू बीएचके, नाहीतर डोंबिवलीत आईवडिलांचाच फ्लॅट.

मनाने ही माणसे इथलीच असतात, पण कायद्याच्या लेखी ती परदेशी असतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेची किंवा ब्रिटनची नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपते आणि जुना पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यानंतर हाती राहते ते ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. २००५ साली सुरू झालेल्या या योजनेत आजन्म व्हिसा मिळतो, कितीही दिवस राहता येते आणि पोलिसांत किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात हजेरी लावावी लागत नाही. मतदान मात्र करता येत नाही. वयाच्या पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट घेतला की त्याची प्रत आणि ताजा फोटो एकदा ऑनलाइन चढवावा लागतो. हे काम फुकट होते आणि नेमके तेच राहून जाते. जोडीदार परदेशी वंशाचा असेल तर त्यालाही ओसीआय मिळते, मात्र विवाह नोंदलेला आणि किमान दोन वर्षांचा असावा लागतो.

निवृत्तीसाठी परक्या देशात जाणाऱ्यांच्या चर्चेत भूमध्य समुद्रातली बेटे नेहमी पुढे असतात, आणि त्यांच्याशी तुलना केली की डोंबिवलीचा हिशेब स्पष्ट दिसतो. माल्टा ठरावीक अटींवर परदेशी पेन्शनरांना १५ टक्के दराने कर लावते. सिसिली, सार्डिनिया आणि दक्षिण इटलीच्या लहान गावांत येणाऱ्या परदेशी पेन्शनरांसाठी ७ टक्क्यांची सवलत आहे. सायप्रसला गेलेल्या ब्रिटिश निवृत्तांची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत राहते आणि पात्र पेन्शनरांचा तिथला उपचारखर्च ब्रिटन उचलते. तोच माणूस कल्याणला राहायला आला तर ब्रिटनची सरकारी पेन्शन पहिल्या दिवशी असते तितकीच राहते. वार्षिक वाढ मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या महागाईत त्या गोठलेल्या रकमेचे काय होते, हे कोणत्याही निवृत्त माणसाला समजावून सांगायला नको. ब्रिटनहून परतणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने कागद-पेन्सिल घेऊन पहिली आकडेमोड हीच करावी.

अमेरिकेचे गणित निराळे आहे. तिथली सोशल सिक्युरिटी भारतात राहूनही मिळते, वाढत्या दराने मिळते, आणि दोन्ही देशांतल्या करारानुसार तिच्यावर कर लावण्याचा हक्क फक्त अमेरिकेचा आहे. मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना मात्र भारतात उपयोगाची नाही. ठाण्यातल्या रुग्णालयाचे बिल ती भरत नाही. ‘तिकडे दरमहा हप्ता भरायचा आणि उपयोग शून्य’ म्हणून अनेक जण तिचा ‘पार्ट बी’ हा हप्त्याचा भाग सोडून देतात. पुढे नातवंडांजवळ परत जायचे ठरले तर उशीर झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी चढतो, आणि तो दंड सहसा आयुष्यभर भरावा लागतो. म्हणजे पार्ट बी ठेवायचा की सोडायचा, याचा निर्णय पुन्हा अमेरिकेत जाऊन राहण्याची शक्यता किती आहे यावर घ्यायचा.

सगळ्यात मोलाची गोष्ट आहे परतण्याची तारीख.

भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि करासाठी मुख्य कसोटी असते ती वर्षातल्या १८२ दिवसांची. आधीच्या चार वर्षांत सुट्टीवर येऊन काढलेले दिवस ३६५ पेक्षा कमी असतील, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर उतरणारा माणूस त्या वर्षापुरता अनिवासीच राहतो. पुढची साधारण दोन वर्षे त्याला ‘आरएनओआर’ म्हणजे निवासी, पण सर्वसाधारण निवासी नसलेला, असा मधला दर्जा मिळतो. आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असणे ही त्याची एक कसोटी. या काळात परदेशात मिळालेल्या व्याजावर, भाड्यावर, शेअर विक्रीच्या नफ्यावर भारतात कर लागत नाही. एकच पथ्य पाळायचे: उत्पन्न आधी परदेशातल्या खात्यात जमा होऊ द्यायचे आणि मग इकडे आणायचे. ते थेट भारतातल्या खात्यात आले तर करपात्र ठरू शकते. तिकडचे घर विकायचे असेल, शेअर मोडायचे असतील, तर हीच ती दोन वर्षे. माल्टा आणि इटली जे आमिष जाहिरात करून दाखवतात, त्याच्या जवळपासचे काहीतरी भारतात मुकाट्याने उपलब्ध आहे, आणि केवळ ठाऊक नसल्यामुळे लोक ते हातचे घालवतात.

ही मुदत संपली की जगभरचे उत्पन्न भारताच्या करकक्षेत येते आणि परदेशी खाती, शेअर, घरे विवरणपत्रात दाखवावी लागतात. ती लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. अमेरिकेतल्या ४०१(के)सारख्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलता येतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या देशांच्या खात्यांना ही मुभा आहे, पण त्यासाठीचा फॉर्म मुदतीत भरायला हवा. अमेरिकी नागरिकाला तर जगात कुठेही राहिला तरी तिकडचे विवरणपत्र चुकत नाही. भारतातल्या खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली की ती अमेरिकी सरकारला कळवावी लागते. बँकेतला ओळखीचा मॅनेजर इकडचे म्युच्युअल फंड सुचवेल. अमेरिकी करकायदा त्या फंडांना फार कठोरपणे वागवतो, तेव्हा दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएला विचारल्याशिवाय सही करू नये. कायमचे राहायला आल्यावर एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती निवासी खात्यांत बदलून घेणे फेमा कायद्याने बंधनकारक आहे. परदेशात असताना कमावलेली तिकडची मालमत्ता मात्र तशीच ठेवता येते.

घराच्या बाबतीत कल्याण-डोंबिवलीत डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथे राहणाऱ्या कुटुंबांनी कर्जे काढून, नोंदणी शुल्क भरून घरे घेतली होती. साता समुद्रापलीकडून व्हिडिओवर फ्लॅट पाहून भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवणाऱ्यांनी या प्रकरणातून धडा घ्यावा. संकेतस्थळावरचा महारेरा क्रमांक पुरेसा नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घ्यावे आणि मालकी हक्काचा शोध वकिलाकडून करवावा. एमआयडीसीच्या निवासी भागात घर पाहणाऱ्यांनी २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांतले रासायनिक कारखान्यांचे स्फोट आठवून, सर्वांत जवळचा कारखाना कशाचा आहे हेही विचारावे.

वडिलोपार्जित फ्लॅटची अडचण वेगळी असते. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे घर आपले झाले, हा समज फार पसरलेला आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने तात्पुरता सदस्य असतो. बहीण-भावांमधला हक्कसोडपत्राचा विषय आईवडिलांच्या हयातीत, मृत्युपत्रासह मिटवलेला बरा. त्यातच इमारत पुनर्विकासाला गेली तर उतारवयातली काही वर्षे भाड्याच्या घरात जातात. मुरबाड-शहापूरकडे फार्महाऊस घेण्याचे स्वप्न असेल तर ते सोडून द्यावे. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही.

डोंबिवलीच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि साठीत चढवतात ते जिने पंच्याहत्तरीत चढवत नाहीत. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली: एकापेक्षा जास्त मजले असल्यास लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे, न्हाणीघरात आधाराचे दांडे. कोणतेही घर पाहताना ती यादी हातात धरावी. त्याआधी सहा महिने, त्यात एक अख्खा पावसाळा, भाड्याने राहून पाहावे. पाणी किती वेळ येते, रिक्षा मिळते का, रात्री अकराला डॉक्टर मिळतो का, हे तेव्हाच कळते.

आरोग्य विम्याची तयारी तर परतण्याच्या तीन वर्षे आधीच सुरू करावी. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआयधारकांनाही भारतीय पॉलिसी घेता येते. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी तिकडे असतानाच ती घेतली, तर विमानातून उतरेपर्यंत ही मुदत सरलेली असेल. आधार कार्डाला थोडी वाट पाहावी लागते. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावरच ओसीआयधारकाला ते काढता येते, म्हणून पहिले सहा महिने पॅन आणि पासपोर्टवर निभवावे. शेवटच्या आजारपणात काय करावे आणि काय करू नये, हे लिहून ठेवणारी वैद्यकीय इच्छा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित नियमांनुसार नोटरीपुढे करता येते. मुले परदेशात असणाऱ्यांनी ती जरूर करावी, कारण अतिदक्षता विभागाबाहेर निर्णय घेणारे माणूस बारा हजार किलोमीटरवर असते.

आणि हे सगळे कशासाठी? १८६४ पासून चालू असलेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, गडकरी रंगायतनची मधल्या रांगेतली खुर्ची, दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड, आणि १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिराने सुरू केलेली पाडव्याची शोभायात्रा. यातले काहीही सिसिलीत मिळत नाही, आणि त्यासाठी एवढी कागदपत्रे करणे पूर्णपणे सार्थ आहे.

ज्यांना मतदार यादीतही नाव हवे आहे त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झालेली आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिलेली व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. अर्ज मंजूर झाला की परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.