छायाचित्र-फाईल प्रकार, स्मार्टफोनमधील

स्मार्टफोनने टिपलेल्या चित्राची अंकीय माहिती ज्या ठराविक रचनेत साठविली जाते, त्या रचनेस छायाचित्र-फाईलचा प्रकार म्हणतात. एका साधनावर घेतलेले चित्र दुसऱ्यावर दिसेल की नाही, हे त्या रचनेची उकल करणारी आज्ञावली दुसऱ्या साधनात आहे किंवा नाही यावर अवलंबून असते. ४,०३२ × ३,०२४ चित्रबिंदूंच्या चित्रात सु. १ कोटी २२ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या मूल्यांसाठी एकेक बाइट धरल्यास ३ कोटी ६५ लाखांहून अधिक बाइट लागतात. म्हणून ही माहिती संक्षेपित करून साठवितात.

जेपेग : हे नाव १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ञगटाच्या आद्याक्षरांवरून पडले असून त्याचे मानक १९९२ मध्ये संमत झाले. यात उजळपणा व रंग यांची माहिती वेगळी करतात. रंगातील सूक्ष्म फरक डोळ्यास कमी जाणवत असल्याने रंगाची माहिती सामान्यतः कमी तपशिलाने ठेवतात. नंतर चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांवर विविक्त कोज्या रूपांतर करतात. हे रूपांतर नसीर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. शेवटी डोळ्यास फारसे न जाणवणारे तपशील गाळले जातात व ते परत मिळत नाहीत. त्यामुळे चित्र वारंवार बदलून साठविल्यास त्याचा दर्जा खालावतो. तथापि जवळजवळ सर्व साधनांवर ते उघडते, हा याचा मोठा गुण होय.

हेइफ : २०१५ मध्ये सिद्ध झालेला हा प्रकार म्हणजे एक पेटीच होय. तीत एक वा अनेक चित्रे ठेवता येतात. आतील चित्र एचईव्हीसी (२०१३) या चलच्चित्रांसाठीच्या पद्धतीने संक्षेपित केलेले असल्यास फाईलनामाच्या शेवटी ‘एचईआयसी’ असे लिहितात. शेजारच्या भागावरून पुढील भागाचा अंदाज बांधण्याच्या तंत्रामुळे ही फाईल तशाच दर्जाच्या जेपेगच्या सु. निम्मी असू शकते. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आणि अँड्रॉइडने २०१८ मध्ये नवव्या आवृत्तीत तिला स्थान दिले. एचईव्हीसीवर एकस्व हक्क असल्याने तिचा प्रसार मात्र सर्वत्र सारखा झाला नाही.

इतर प्रकार : पडद्याच्या प्रतिमेसाठी तपशील न गमावणारा पीएनजी (१९९६) आणि संवेदकाची कच्ची माहिती राखणारा डीएनजी (२००४) हेही वापरात आहेत. एव्हीआयएफ (२०१९) हा हेइफच्याच पेटीत स्वामित्वशुल्कमुक्त पद्धत वापरतो.

सुसंगती : मे २०२० मध्ये करोना महासाथीमुळे अमेरिकेतील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा घरून घेण्यात आल्या. उत्तरांची एचईआयसी छायाचित्रे संगणकप्रणालीने न स्वीकारल्यामुळे काही विद्यार्थ्यांवर पुन्हा परीक्षेस बसण्याची वेळ आली. फाईलनामाचा शेवट बदलल्याने अशी अडचण सुटत नाही. नाव बदलले, तरी आतील रचना तीच राहते. त्यासाठी चित्राची उकल करून ते नव्या रचनेत पुन्हा संक्षेपित करावे लागते. हे रूपांतर जेपेगमध्ये केल्यास काही तपशील गमावला जातो. म्हणून मूळ फाईल जपून ठेवावी व पाठविण्यासाठी जेपेग प्रत करावी. अर्ज, परीक्षा इ. कामी कॅमेऱ्याच्या मांडणीत आधीच जेपेग निवडणे अधिक सुरक्षित ठरते.