घराची पाटी बदलली, पण नोंदवही?

मित्रांनो, परळ-लालबागच्या एखाद्या आजोबांना विचारा, "एल्फिन्स्टन स्टेशन कुठं आलं हो?" ते लगेच रस्ता सांगतील. पण तिकिटाच्या यादीत ते नाव शोधाल, तर सापडायचं नाही! १९ जुलै २०१८ पासून पश्चिम रेल्वेचं हे स्थानक 'प्रभादेवी' झालं. तेव्हा नुसत्या फलाटावरच्या पाट्या बदलून भागलं नाही, बरं का! रेल्वेच्या दप्तरातलं सांकेतिक नावही 'ईपीआर'चं 'पीबीएचडी' करावं लागलं.

समजा, पाटी बदलली असती आणि दप्तर जुनंच राहिलं असतं, तर? केवढा गोंधळ! नेमका असाच गोंधळ तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होऊ शकतो.

समजा, दादाचा जुना कॉम्प्युटर आता तुमच्याकडे आला. त्यावर लिनक्स आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली. फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. तिच्यात 'होम' नावाची जणू चाळच असते आणि प्रत्येकाची त्यात एक खोली, म्हणजे फोल्डर. तुम्ही 'दादा' फोल्डरचं नाव बदलून 'ताई' केलंत. मजा वाटली!

दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाकला. बरोबर होता. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचीच खिडकी! चार वेळा तेच. उद्या शाळेत प्रकल्प द्यायचाय आणि तो तर आत अडकलाय! शेजारचा कोणी म्हणतो, "सगळं पुसून नव्यानं टाका."

थांबा! प्रकल्प जागच्या जागी सुखरूप आहे. पुसलंत, तरच तो जाईल.

मग बिघडलं काय? लिनक्सकडे 'पासडब्ल्यूडी' नावाची एक नोंदवही असते. त्यात प्रत्येक खातेदाराची एक ओळ आणि त्या ओळीचे सात कप्पे. सहाव्या कप्प्यात खोलीचा पत्ता. पासवर्ड मात्र 'शॅडो' या वेगळ्या फाइलीत, म्हणून तो चालला. पण वहीत पत्ता अजून 'दादा'चाच! तिथं गेलं तर खोलीच नाही. सामान ठेवायला जागा मिळेना, म्हणून कॉम्प्युटर तुम्हाला पुन्हा दारात आणून सोडतो.

उपाय सोपा आहे. मोठ्यांना शेजारी बसवा आणि हे करा:

१. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणं एकदम दाबा. काळा पडदा येईल. तिथं जुनंच नाव आणि पासवर्ड द्या. 'घर सापडत नाही' अशा अर्थाची सूचना दिसली, तर समजा, चोर सापडला!

२. आता इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडत टाइप करा: सुडू एमव्ही /होम/ताई /होम/दादा. पासवर्ड पुन्हा विचारला जाईल. टाइप करताना काहीच उमटत नाही. घाबरू नका, ती रीतच आहे.

३. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. प्रकल्प समोर हजर!

'सुडू' वापरायची परवानगी तुमच्या खात्याला नसेल, तर ज्याला आहे त्या मोठ्या माणसाच्या खात्यातून हेच करा.

आणि 'ताई' हेच नाव हवं असेल तर? तेही जमेल. 'दादा' खातं बंद ठेवून, परवानगी असलेल्या दुसऱ्या खात्यातून लिहा: सुडू यूजरमॉड -डी /होम/ताई -एम दादा. यातला 'डी' वहीतला पत्ता बदलतो आणि 'एम' सामान हलवतो. दोन्ही कामं एका दमात! खात्यात शिरायचं नाव मात्र 'दादा'च राहतं.

आईबाबांनो, एक विनंती. मुलांनी असं काही केलं तर रागावण्याआधी त्यांच्याबरोबर ती नोंदवही उघडून बघा. नुसती वाचल्यानं काही बिघडत नाही. आणि मुलांनो, यापुढं कुठलंही नाव बदलण्याआधी स्वतःला विचारा: हे नाव आणखी कुठं कुठं लिहिलेलं आहे?